ओहोटीची वाट : श्रीक्षेत्र हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेचे माहात्म्य

॥ श्री कालभैरव-योगेश्वरी प्रसन्न ॥
॥ श्री हरिहरेश्वर प्रसन्न ॥

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी सिंधुसागरास जेथे आलिंगन देते तेथे, समुद्रात पुढे सरसावलेल्या एका खडकाळ डोंगराच्या कुशीत श्रीक्षेत्र हरिहरेश्वर वसले आहे. हरिहर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री या चार टेकड्यांच्या सान्निध्यातील हे स्थान ‘दक्षिण काशी’ या नावाने भाविकांना परिचित आहे. मुख्य मंदिरात ब्रह्मा, विष्णू, महेश आणि आदिमाया पार्वती यांचे वास्तव्य मानले जाते. हरी आणि हर हे एकाच परतत्त्वाचे दोन आविष्कार आहेत, हा या क्षेत्राच्या नावातच सामावलेला उपदेश आहे.

या क्षेत्राचे एक वैशिष्ट्य मात्र नावावरून ध्यानात येत नाही. अन्यत्र देवळाची प्रदक्षिणा भक्ताच्या इच्छेवर अवलंबून असते. पहाटे करावी, माध्यान्ही करावी, सायंकाळी करावी. वाट मोकळीच असते. हरिहरेश्वरी देवळाबरोबर डोंगराचीही प्रदक्षिणा करण्याची परंपरा आहे आणि तिची निम्मी वाट समुद्राच्या स्वाधीन आहे. देवळामागून पायऱ्या चढून डोंगरावर जावे, दोन उंच कातळांच्या मधून उतरणाऱ्या पायऱ्यांनी खाली यावे, आणि मग लाटांनी घासून काढलेल्या खडकांवरून डोंगराच्या कडेकडेने देवळाकडे परतावे, असा हा क्रम आहे. ओहोटी असेल तर ही वाट पायांखाली असते. भरती असेल तर तीच वाट पाण्याखाली असते. म्हणून या क्षेत्री पाऊल ठेवणाऱ्या जाणत्या यात्रेकरूचा पहिला प्रश्न असतो, “आज ओहोटी किती वाजता?”

हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा वाटतो. थोडा विचार केला तर या क्षेत्राची अवघी शिकवण त्यात साठवलेली आहे, असे दिसून येईल.

क्षेत्रपालाची आज्ञा

हरिहरेश्वरी दर्शनाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम श्री कालभैरव व श्री योगेश्वरी यांचे दर्शन घ्यावे, त्यानंतर श्री हरिहरेश्वराचे, आणि परतताना पुन्हा श्री कालभैरवाचे. काशीक्षेत्री कालभैरव हा नगराचा कोतवाल मानला जातो. येथेही तो क्षेत्रपाल आहे. घरधन्याकडे जाण्यापूर्वी दारावरील रक्षकास नमस्कार करून आत शिरावे आणि निघताना त्याचा निरोप घ्यावा, ही साधी रीत यात आहे.

कालभैरव या नावातील ‘काल’ या शब्दाकडे भाविकांनी लक्ष द्यावे. काल म्हणजे मृत्यू, तसाच काल म्हणजे वेळ. वेळेच्या स्वामीस प्रथम वंदन केल्याविना येथील दर्शनास आरंभ होत नाही. गाडी किती वाजता सुटणार, मुक्कामी केव्हा पोहोचायचे, सायंकाळी आणखी कोणते स्थान पाहायचे, असा वेळेचा हिशेब मनात घेऊन आपण येतो. त्या हिशेबाची गाठोडी कालभैरवाच्या पायरीवर उतरवून ठेवावी आणि मगच आत जावे, असा या क्रमाचा भावार्थ घेता येतो.

सावित्रीची कथा

ज्या नदीच्या मुखाशी हे क्षेत्र आहे, तिच्या उगमाची कथाही वेळेचीच कथा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरी, ब्रह्मदेवांनी यज्ञाचा संकल्प सोडला. मुहूर्त समीप आला. यज्ञास पत्नीची उपस्थिती आवश्यक. परंतु सावित्रीदेवीस यावयास विलंब झाला. मुहूर्त टळेल या भयाने गायत्रीस शेजारी बसवून यज्ञास आरंभ करण्यात आला. इतक्यात सावित्री आली. आपले आसन दुसरीस दिलेले पाहून तिचा संताप अनावर झाला आणि तिने देवांना शाप दिला, “तुम्ही जलरूप व्हाल.” त्या शापाने विष्णू कृष्णा झाले, शिव वेण्णा झाले आणि ब्रह्मदेव ककुद्मती, म्हणजे कोयना झाले, असे सांगतात. सावित्री आणि गायत्री यांनाही नदीचे रूप आले.

महाबळेश्वराच्या पंचगंगा मंदिरात या पाचही नद्यांचे स्मरण एकत्र केले जाते. तेथून पुढे मात्र त्यांच्या दिशा वेगळ्या होतात. कृष्णा, वेण्णा आणि कोयना पूर्वेकडील देशाच्या वाटेला लागतात. सावित्री घाट उतरून पश्चिमेकडे येते, पोलादपूर व महाडचा परिसर भिजवते, आणि बाणकोटच्या खाडीतून सागरास मिळते. ज्या देवांवर रुसून ती निघाली, ते ब्रह्मा, विष्णू आणि महेश तिच्या प्रवासाच्या शेवटी हरिहरेश्वराच्या डोंगरावर उभेच आहेत. ज्या गायत्रीमुळे रोष झाला, तिच्या नावाचे तीर्थही याच प्रदक्षिणेच्या वाटेवर आहे.

सावित्रीसाठी आणखी काही घटका वाट पाहिली गेली असती तर शापाचा प्रसंगच आला नसता, असे कोणाही श्रोत्याच्या मनात येईल. मुहूर्त साधला, पण माणूस दुखावले गेले. घरोघरी मंगलकार्यात हेच घडते. वेळेवर आटोपण्याच्या धडपडीत वृद्ध आई, आजारी बहीण, दूर राहिलेला भाऊ यांच्यासाठी थांबायचे राहून जाते. पुढे तो राग नदीसारखा वाहत राहतो, कधी वर्षानुवर्षे. अशी दुरावलेली माणसे बरोबर घेऊन या संगमावर यावे. डोंगरमाथ्यावर वेगळ्या झालेल्यांची नावे येथे पुन्हा एका ठिकाणी येतात. जे देवांनाही लगेच साधले नाही, ते माणसांना साधण्यास वेळ लागला तर त्यात नवल नाही. परंतु आरंभ कोणीतरी करावा लागतो.

विष्णुपद आणि बळीचे दान

प्रदक्षिणेच्या वाटेवर विष्णुपद नावाचे स्थान आहे. खडकावरील ती खूण भगवान विष्णूंच्या पावलाची होय, अशी श्रद्धा आहे. या श्रद्धेमागे वामनावताराची सर्वश्रुत कथा आहे.

बळी हा असुरकुळात जन्मलेला, तरी दानशूर आणि प्रजेचा लाडका राजा. त्याच्या यज्ञमंडपात बटू वामन आला आणि त्याने तीन पावले भूमी मागितली. गुरू शुक्राचार्यांनी बळीस सावध केले. याचक सामान्य नाही, दान देऊ नकोस, असे बजावले. दानाचे उदक सुटू नये म्हणून ते सूक्ष्मरूपाने झारीच्या तोटीत जाऊन बसले आणि दर्भाच्या टोकाने त्यांचा डोळा गेला, असेही पुराणिक रंगवून सांगतात. बळीने मात्र शब्द फिरवला नाही. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग व्यापले गेले. तिसऱ्या पावलासाठी त्याने आपले मस्तक पुढे केले.

या कथेत देणाऱ्याने काय गमावले याचीच चर्चा पुष्कळदा होते. त्याने काय मिळवले तेही पाहावे. पहिली दोन पावले बळीच्या ऐश्वर्याची होती, आणि ऐश्वर्य द्यायला पुष्कळजण तयार असतात. तिसरे पाऊल ‘मी दिले’ या भावनेवर पडले. तेवढे एकच पाऊल खऱ्या अर्थाने त्याचे दान ठरले. म्हणूनच जिंकलेला बळी विस्मरणात गेला नाही. दिवाळीच्या पाडव्याला महाराष्ट्रातील घराघरात आजही त्याचे राज्य यावे अशी इच्छा बोलून दाखवली जाते.

श्रीचरणी यथाशक्ती अर्पण करणाऱ्या भाविकांनी विष्णुपदापाशी क्षणभर थांबावे ते याचसाठी. कोणी अन्नदानास हातभार लावतो, कोणी दिवाबत्तीस, कोणी जीर्णोद्धारास. रक्कम मोठी असो वा लहान, ती पहिल्या दोन पावलांत मोजली जाते. तिसरे पाऊल ज्याचे त्याने स्वतःशी मोजावे.

कुलदैवत आणि इतिहास

हरिहरेश्वर हे अनेक घराण्यांचे कुलदैवत आहे. त्यांत श्रीवर्धनच्या भट घराण्याचे, म्हणजे पुढील काळातील पेशव्यांचे नाव इतिहासप्रसिद्ध आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीशी वितुष्ट आल्याने बाळाजी विश्वनाथ यांना श्रीवर्धन सोडून घाटावर जावे लागले. घरदार मागे राहिले आणि कुलदैवतही मागे राहिले. १७१३ साली शाहू छत्रपतींनी त्यांना पेशवेपदाची वस्त्रे दिली. त्यांचे पुत्र पहिले बाजीराव यांनी १७२३ च्या सुमारास येथील मंदिराचा जीर्णोद्धार केला, असे सांगितले जाते. ज्या किनाऱ्यावरून पित्यास निघावे लागले, त्या किनाऱ्यावरील देवाच्या छपराची काळजी पुत्राने वाहिली.

सत्ता या किनाऱ्यावर भरती-ओहोटीसारख्या आल्या आणि गेल्या. समोर, सावित्रीच्या दक्षिण तीरावर बाणकोटचा किल्ला आहे. १७५५ मध्ये इंग्रजी आरमाराने तो आंग्र्यांकडून घेतला आणि त्यास आपल्या पसंतीचे नाव दिले. श्रीवर्धनचा परिसर जंजिरा संस्थानात राहिला आणि १९४८ मध्ये ते संस्थानही विलीन झाले. किल्ल्यांवरची निशाणे बदलली. खालच्या खडकावरून चालण्याची वेळ मात्र सर्वांसाठी एकच राहिली. पेशव्यांच्या घरची पालखी असो वा एखादा अनवाणी शेतकरी असो, समुद्राने दोघांनाही सारखेच थांबवून ठेवले असेल.

खडक आणि लाट

हा डोंगर सह्याद्रीसारखाच काळ्या कातळाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या तप्त रसाच्या थरांपासून महाराष्ट्राचा बहुतांश कातळ घडला. समुद्राने युगानुयुगे आदळून या डोंगराचा पायथा कापत नेला आणि त्यातूनच ओहोटीस उघडी पडणारी खडकाची ओटी तयार झाली. भाविक जिच्यावरून चालतात ती हीच. कड्याच्या अंगावर मधमाशांच्या पोळ्यासारखी दिसणारी असंख्य छिद्रे खाऱ्या पाण्याने आणि वाऱ्याने कोरली आहेत. मिठाचे कण दगडाच्या सूक्ष्म फटींत सुकतात, फुगतात आणि कणाकणाने दगड सोडवत जातात. प्रदक्षिणेची वाट अशा रीतीने समुद्रानेच घडवली आहे. ज्याने ती घडवली, तोच दिवसातून दोनदा ती मागून घेतो.

ही गोष्ट नीट ध्यानात न घेतल्याने दुःखद प्रसंग घडलेले आहेत. खडक शेवाळाने निसरडे असतात. शांत दिसणाऱ्या पाण्यातून अकस्मात मोठी लाट येते. कडेला उभ्या असलेल्या, छायाचित्रात गुंतलेल्या, परतीची वेळ विसरलेल्या माणसांना या किनाऱ्यावर लाटांनी ओढून नेले आहे. देवदर्शनास आलेले कुटुंब एक माणूस कमी होऊन परत जावे, यासारखा शोक नाही. “देवाच्या वाटेवर देव राखील” असे म्हणून भरतीच्या वेळी खडकात उतरणे ही श्रद्धा म्हणता येणार नाही. कालभैरवास वंदन करावे आणि मग त्याचीच आज्ञा मोडावी, असा तो प्रकार होईल. सागराची भरती हीच तेथे क्षेत्रपालाची आज्ञा समजावी.

तिथी आणि भरती

भरतीची वेळ ओळखण्याचा एक जुना हिशेब कोकण किनाऱ्यावर प्रचलित आहे. त्या दिवशीच्या तिथीच्या अंकास तीनने गुणावे आणि चारने भागावे. येणारा अंक म्हणजे भरतीचा अदमासे तास. अष्टमीस हा हिशेब सहा येतो, म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा व अमावास्येस तो सव्वाअकरा येतो, म्हणजे दुपारच्या आसपास भरती आणि पहाटे व सायंकाळी ओहोटी. भरतीची वेळ दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते आणि पाणी अधिक चढते, अधिक उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाणी फार चढत नाही, तसे फार उतरतही नाही.

या हिशेबाने पाहता एक गोष्ट लक्षात येते. महाशिवरात्र ही माघ वद्य चतुर्दशीची. त्या दिवशी भरतीचा अदमास साडेदहाचा येतो, आणि दिवस उधाणाचे. ज्या दिवशी सर्वाधिक भाविक सकाळीच येतात, त्याच दिवशी सकाळी समुद्र सर्वाधिक चढलेला असतो. ओहोटीस दुपारचे साडेचार वाजतात. याउलट कालभैरव जयंती कार्तिक वद्य अष्टमीची. त्या दिवशी ओहोटी भर दुपारी येते.

हा हिशेब अदमासाचाच समजावा. तिथी केव्हा लागते, वारा कसा आहे, लाट किती आहे यांवर पुष्कळ अवलंबून असते. म्हणून खडकात उतरण्यापूर्वी त्या दिवसाची ओहोटीची वेळ मंदिरात अथवा गावातील जाणत्या माणसांस अवश्य विचारावी. पाणी उतरत असताना वाटेस लागावे आणि ते पुन्हा चढू लागण्यापूर्वी वाळूवर यावे. पावसाळ्यात, समुद्र खवळलेला असताना, ओहोटीतही ही वाट टाळावी. नारळी पौर्णिमेस समुद्रास श्रीफळ अर्पण होईपर्यंत कोळी बांधवही आपली होडी राखून असतात. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते थांबतात, मग यात्रेकरूने न थांबण्याचे कारण काय?

ज्यांना वाट मिळत नाही

तरीही एक अवघड प्रसंग उरतो. दूर देशावरून एखादी वृद्ध माता आयुष्यात एकदाच कुलदैवताच्या दर्शनास आलेली असते. सर्वांची गाडी दुपारी निघायची असते आणि समुद्र भरलेला असतो. “प्रदक्षिणा राहिली,” ही खंत घेऊन ती परत निघते. कोणाचे गुडघे साथ देत नाहीत, कोणास पायऱ्या झेपत नाहीत.

अशा भाविकांनी मन खट्टू करू नये. पूजेच्या अखेरीस आपण जागच्या जागी स्वतःभोवती फिरतो, ती आत्मप्रदक्षिणा शास्त्रसंमत आहे. देव अंतरी आहे म्हणून स्वतःभोवतीची फेरी देवाभोवतीच पडते. देवळासमोर हात जोडून ती करावी, समुद्राच्या दिशेने एक नमस्कार करावा, आणि प्रदक्षिणा पूर्ण झाली असे मानावे. ज्या मुलाने आईचा हात धरून तिला देवळापर्यंत आणले आणि खडकात उतरण्याचा आपला बेत तिच्यासाठी सोडून तो तिच्याजवळ बसून राहिला, त्याचीही प्रदक्षिणा झालीच. महाबळेश्वरी जे थांबणे राहून गेले, ते त्याने येथे पूर्ण केले.

उपसंहार

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या किनाऱ्यास जबर तडाखा दिला. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचे झाड रुजून फळास येण्यास कित्येक वर्षे लागतात. हे ठाऊक असूनही बागायतदारांनी आडवी झाडे बाजूला केली आणि त्याच जागी पुन्हा रोपे लावली. या परिसरातील माणसास थांबणे कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. ते त्याच्या शेतीत आहे, होडीत आहे आणि देवाच्या प्रदक्षिणेतही आहे.

येथे येणाऱ्या भाविकांनी प्रसाद न्यावा, तीर्थ न्यावे आणि त्यासोबत हे थांबणेही घरी न्यावे. रागाची भरती आली असता बोलू नये, पाणी उतरू द्यावे. दुःखाची भरती आली असता हाय खाऊ नये, तिचीही ओहोटी ठरलेली आहे. वैभवाची भरती आली असता दानासाठी हात मोकळा सोडावा, कारण तीही उतरणार आहे. पाणी उतरले की खालची वाट दिसते. ती तेथेच होती.

श्री हरिहरेश्वर सर्व भाविकांची यात्रा सुखरूप पार पाडो.

॥ शुभं भवतु ॥